भेऊन राहिलो

हे मी मोबाइलवर डाव्या अंगठ्याने लिहून राहिलो. माझी मुलगी रंजू म्हणते, बाबा, 'लिहीत आहे' असं लिहा, बाहेरचे लोक वाचतील. शुद्धलेखन तिने खुशाल सुधारावं, पण तेवढं एक मी बदलू देणार नाही. का, ते पुढे येईलच.

ज्यांच्या घरात कोणाला लकवा मारला आणि त्यात वाचा गेली, त्यांच्यासाठी हे आहे. औषधांचं डॉक्टरांना विचारा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी केशोरीचा. गोंदियाच्या लाल गाडीवर उभं आयुष्य कंडक्टरकी केली आणि आता रिटायर आहे. तिकीट फाडता फाडता कविता करायचो. प्रेरणादायी कविता म्हणतात ना, तसल्या. शाळेचं गॅदरिंग असो, कोणाचा निरोप समारंभ असो की तेरवी, माझी एक कविता ठरलेलीच असायची.

भिऊ नको रे, चालत राहा,
काट्यांतुनही वाट फुटे,
धीर जयाच्या पायी आहे
ओझे त्याचे आप सुटे.

पुढे अजून कडवी आहेत, ती सोडा. अर्जुनीच्या एका कटिंगच्या दुकानात ही कविता आरशाच्या वर लावलेली आहे. दहावीच्या परीक्षेला निघालेली पोरं गाडीत चढली की डबल बेल द्यायच्या आधी मी म्हणायचो, "भिऊ नको रे," आणि मागून सगळी पोरं म्हणायची, "चालत राहा." मला फार बरं वाटायचं. आपल्या शब्दांनी माणसं उठून उभी राहतात, याच्यापेक्षा मोठा परमार्थ कोणता, असं मी मानत होतो. देवळात कमी जायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, कविता हीच माझी पूजा. खोटं नव्हतं ते. पण किती खरं होतं, ते मला माहीत नव्हतं.

तिकीट दे

थंडीचे दिवस होते, धान घरी येऊन पडलं होतं. सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. बायकोला, शकुनला, चहा मागायचा होता. मी म्हणालो, "शकुन, तिकीट दे."

ती आतून हसली. "रिटायर झाले तरी तिकीटच काय? कुठचं देऊ, गोंदियाचं?"

मलाही हसू आलं. दुरुस्त करावं म्हणून पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा म्हणालो, "तिकीट दे." चहा मला दिसत होता. कप दिसत होता, बशी दिसत होती, फक्त त्याचं नाव तेवढं येत नव्हतं. शकुन कप घेऊन बाहेर आली. मी उजवा हात पुढे केला, आणि कप धरलाच गेला नाही. गरम चहा तिच्या साडीवर सांडला. ती चिडून काहीतरी बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली. माझं तोंड वाकडं झालंय, हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

शेजारच्यांची जीप होती. ती चालवायला भैयालाल धावत आला. भैयालाल माझा ड्रायव्हर. आम्ही दोघांनी एकाच गाडीवर नोकरी काढली आणि आता एकाच गावात म्हातारे होऊन राहिलो. त्याने जीप कुठे थांबवली नाही, सरळ गोंदियाचा रस्ता धरला. हा रस्ता मला पाठ. अर्जुनी, नवेगाव, कोहमारा. थांबा आला की त्याचं नाव माझ्या तोंडातून आपोआप निघत होतं, आणि तेही अगदी स्वच्छ.

"भाभी, कवी तो बराबर बोल रहा है," भैयालाल म्हणाला. "कुछ नहीं हुआ उसको."

शकुन माझा उजवा हात चोळत होती. तू चोळून राहिली ते मला समजतच नाही, हे मला तिला सांगायचं होतं. सगळा जीव एकवटून मी बोललो ते हे, "गोरेगाव, उतरा."

गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या डोक्याचे फोटो काढले. रंजूचं सासर गोंदियाचंच, ती आमच्या आधी तिथे पोचली होती. डॉक्टरांनी दोघींना बाजूला घेतलं, पण मी स्ट्रेचरवर जवळच होतो. "समझेंगे सब," डॉक्टर म्हणाले. "बोल नहीं पाएंगे. कितना लौटेगा, अभी कह नहीं सकते."

शकुनने पदराने तोंड पुसलं. "साहेब, ते कवी हायेत," ती म्हणाली. जसं काही कवीचं औषध वेगळं असतं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग मराठीत म्हणाले, "लवकर आणलंत, हे फार चांगलं केलं."

म्हणून हे आधी सांगून ठेवतो. तोंड वाकडं झालं, भलताच शब्द निघाला, हातातली वस्तू सुटली, तर तेल चोळत बसू नका आणि झाडफूक करणाऱ्याकडे तर नेऊच नका. गाडी काढा.

टाळ्या

वॉर्डात सकाळी फिनाईलचा वास आला की दिवस सुरू व्हायचा. मग सिस्टर, मग सलाईन, मग डॉक्टरांचा राउंड. पहिल्याच राउंडला डॉक्टर आणि त्यांच्यासोबतची शिकाऊ मंडळी माझ्या खाटेभोवती गोळा झाली, आणि मी त्यांना म्हणालो, "पुढे सरका, पुढे सरका." सिस्टर तोंडाला हात लावून हसली. मला तर नमस्कार म्हणायचं होतं. नोकरीत हजार वेळा बोललेलं सगळं माझ्याकडे शिल्लक होतं. नवीन एकही शब्द नव्हता.

बाजूच्या खाटेवर तिरोड्याकडचे एक काका होते, बोदलकसाच्या तलावात मासे धरणारे. मी उत्तर देत नाही, याचं त्यांना काहीच नव्हतं. कोणत्या हंगामात कोणता मासा कुठे जातो, जाळं कुठे लावायचं, दिवसभर मला सांगत राहायचे. बाकीचे सगळे माझ्याशी ओरडून बोलायचे, मी बहिरा झाल्यासारखे. काका तेवढे साध्या आवाजात बोलायचे. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर त्याच्याशी काकांसारखं बोला. त्याचे कान ठीक आहेत, आणि अक्कलही जागेवर आहे.

एके दुपारी शकुन ओल्या फडक्याने माझं तोंड पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि हळूच म्हणाली, "भेव वाटते का?"

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना भिऊ नको म्हणणारा, मला कोण विचारणार? आणि ती विचारत होती तेव्हा मला खरंच भेव वाटत होतं. हा हात असाच राहील काय, मी असाच राहीन काय, उद्या ही कंटाळेल काय. हो म्हणायचं होतं. मले भेव वाटते, एवढं साधं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"भिऊ नको रे, चालत राहा, काट्यांतुनही वाट फुटे..."

अख्खी कविता निघाली. शेवटच्या कडव्यापर्यंत, एक अक्षर न अडखळता, चालीसकट. मग कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांच्या नातेवाइकांनी वाजवली. सिस्टर दारात येऊन उभी राहिली. शकुन रडत होती आणि हसत होती. तिने माझ्या हातावर कपाळ टेकलं. "मले सांगून राहिले," ती रंजूला म्हणाली. "सोता असे पडून हायेत, आनि मले भिऊ नको म्हणून सांगून राहिले."

मी मान हलवली, नाही, नाही. कोणाचं लक्ष नव्हतं.

रंजूने मला पुन्हा म्हणायला लावलं आणि मोबाइलवर घेतलं. मला ती थांबवताही येत नव्हती. एकदा पहिला शब्द निघाला की उतारावरच्या गाडीसारखी ती शेवटापर्यंत जायची. दोन-चार दिवसांत तो व्हिडिओ सगळ्या गावांच्या ग्रुपवर फिरला. लकव्याला हरवणारा कवी, असं खाली लिहून. पवनीहून, देवरीहून, कुठून कुठून फोन आले. एका बाईने रंजूला सांगितलं, तुझ्या बाबांचा व्हिडिओ बघून मी आज उठून स्वयंपाक केला. मला ते ऐकून खरंच बरं वाटलं, तेही सांगतो. पण त्याच दिवशी मला लघवीचं भांडं मागता आलं नव्हतं, आणि चादर बदलावी लागली होती.

धीर कोणाच्या पायी

केशोरीला घरी आलो तर अंगणात खुर्च्या टाकलेल्या. लोक बघायला येत, चहा घेत, आणि उठता उठता म्हणत, "कवी, तेवढं होऊन जाऊ द्या." मी म्हणायचो. डोळे पुसत लोक जायचे. कपबशा शकुन विसळायची.

मला अंघोळ घालणं, कपडे घालणं, काठी देऊन अंगणात फिरवणं, गोळ्या देणं, सगळं तिच्यावर. गुडघा तिचाही दुखतो. मी काय मागून राहिलो ते तिला माझ्या बोटावरून ओळखावं लागायचं. चष्मा हवा असला की ती पाणी आणायची, पाणी हवं असलं की दार लावायची. एकदा जेवताना भाजीत मीठ जास्त पडलं होतं. खारट म्हणायला मी कितीतरी वेळ तोंडाशी झटापट केली. ती विचारून राहिली, "पोळी पायजे? भात पायजे? ठसका लागला का?" माझा संताप झाला. डाव्या हाताने मी ताट भिरकावलं, आणि त्याच वेळी माझ्या तोंडातून निघालं, "धीर जयाच्या पायी आहे."

शकुन भिंतीवरची भाजी पुसायला उठली, गुडघ्यावर हात देऊन. "हो," ती म्हणाली. "धीर तर माह्याच पायी हाये. तुमच्या पायी काठी हाये."

मला हसू यायला लागलं. तिलाही आलं. ती हसता हसता रडायला लागली, ते मात्र मला बघवलं नाही. त्या दिवसापासून मला माझ्या कवितेचा राग आला. ती माझ्या दारात आडवी उभी होती. खरं काहीही बोलायला निघालो की ती मध्ये यायची आणि माझ्या आवाजात, माझ्या चालीत, भलतंच बोलून जायची. आणि लोक तिलाच टाळ्या देत होते.

पिऊन राहिला

रंजूला मात्र समजलं. व्हिडिओ तिनेच काढलेला, त्यामुळे आधी तिला वाईट वाटलं, पण समजलं. "आई, बाबा बोलत नाहीत, फक्त कविता म्हणतात," ती म्हणाली, आणि आम्हाला दोघांना गोंदियाला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे स्पीच थेरपीच्या एक मॅडम होत्या. रंजूपेक्षाही लहान, गोंदियाच्याच, घरी हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी कविता ऐकली, टाळी वाजवली नाही, आणि विचारलं, "अच्छा, अब बताइए, प्यास लगी है क्या?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "ठीक है. वहीं से शुरू करेंगे."

पाठ असलेलं डोक्यात एका जागी राहतं आणि बोलायचं नवं वाक्य दुसऱ्या जागी, असं काहीतरी त्यांनी समजावलं. माझी दुसरी जागा बिघडली होती.

मॅडमजवळ चित्रांचे कार्ड होते. मुलगा पाणी पीत आहे. बाई कपडे धूत आहे. एका चित्रात चुलीवर पातेलं आणि धूर. भात जळत आहे. मॅडम म्हणायच्या, मी मागून म्हणायचं. 'मुलगा' यायचं, 'पाणी'ही कधीमधी यायचं. पुढे 'पीत आहे' म्हणायला गेलो की जीभ रा, रा, रा करत अडकायची. मॅडम पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. असे कितीतरी दिवस गेले. भात जळत आहे, हे तर मला कधीच जमलं नाही. शेवटी मी कार्ड उलटं करून ठेवायला लागलो.

शकुन कोपऱ्यात बसलेली असायची. एक दिवस तिला राहवलं नाही. "मॅडम, ते 'राहिला' म्हणून राहिले," ती म्हणाली.

"क्या?"

"पाणी पिऊन राहिला. आमी असंच म्हणतो. पीत आहे असं घरी कोण म्हणते?"

मॅडमनी कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पिऊन राहिला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पी रहा है. अरे, ये तो अपना ही है." आणि हसायला लागल्या. "कार्ड पूना की तरफ के हैं, चाचा. आप तो यहीं के हो."

मग त्यांनी कार्ड बाजूला ठेवले. व्हिडिओ त्यांनीही बघितला होता. "आपकी कविता में भी है ना वो?" त्यांनी विचारलं. "चालत राहा."

त्यांनी माझा डावा हात टेबलावर घेतला आणि बोटांनी ठेका धरला. भिऊ नको रे, चालत राहा. मी म्हटलं. मग नुसती चाल, शब्द नाहीत, हूं हूं हूं. मग त्याच चालीवर त्यांनी हळूच नवे शब्द ठेवले. पाणी पाणी, पिऊन राहिलो. हातावर ठेका चालूच. "धुन वही," त्या म्हणाल्या, "सामान नया."

माझी जीभ रा पाशी आली, आणि या वेळी अडकली नाही. "पिऊन... राहिलो."

शकुनने उठून मला खरंच पाणी आणून दिलं.

मी कुठे होतो

आता थोडं कवितेबद्दल, कारण या आजारात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनेच.

मॅडमनी ती कविता ओळीओळीने रिकामी केली. चाल तेवढी ठेवायची, आतले शब्द काढायचे आणि घरातले घालायचे. 'काट्यांतुनही वाट फुटे'च्या जागी 'डाव्या हाती घास धरे'. 'धीर जयाच्या पायी आहे'च्या जागी 'पाय माहे दुखून राहिले'. सुरुवातीला माझा अपमान झाल्यासारखं वाटलं. इतक्या लोकांनी डोक्यावर घेतलेली कविता, आणि तिच्यात ही बाई पेज अन् चप्पल भरून राहिली. मी तोंड फिरवून बसायचो. मॅडम म्हणायच्या, "रूठ गए कवी? रूठ के राहिलो, बोलो." त्यावर हसावंच लागायचं.

मॅडमची एक अट होती, रोजचं एक वाक्य 'मी'पासून सुरू झालं पाहिजे. मी कवितेत 'मी'ला जागा शोधायला लागलो, आणि तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या कवितेत मी कुठेच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं दुसऱ्याला सांगितलेलं. तू चाल, तू ऊठ, तू धीर धर. सांगणारा कुठे उभा आहे, त्याचे पाय कापतात की नाही, त्याचा पत्ताच नाही. लोकांना तिने बळ दिलं, हे मी नाकारत नाही, पोरं परीक्षेला हसत उतरायची ती मी बघितली आहेत. पण ज्याने ती लिहिली त्याची आणि तिची कधी भेटच झाली नव्हती.

घरी परत आल्यावर मी रोज सकाळी अंगणात बसून सराव करायला लागलो. मांडीवर डाव्या हाताने ठेका, आणि जे दिसेल ते. बसून राहिलो. ऊन येऊन राहिलं. कोंबडा आरडून राहिला. शकुन झाडून राहिली. श्वास घेऊन राहिलो. तोंडाला व्यायाम म्हणून सुरू केलं होतं, पण हळूहळू त्यात मन लागायला लागलं. जेवढं आहे तेवढंच बोलायचं, एक शब्द जास्त नाही. आयुष्यात मी इतका वेळ एका जागी गुपचूप बसून काही बघितलंच नव्हतं. गाडीत तर बघायला फुरसत नव्हती, आणि कविता करताना मी पुढच्या टाळीकडे बघायचो. मोहफुलाचे दिवस आले. शेजारणी टोपल्या घेऊन जायच्या यायच्या, सगळ्या वाटेवर तो गोड वास, आणि मी म्हणायचो, मोह पडून राहिला. शकुन लांबून विचारायची, "झाली का पूजा? चहा ठेवू?" तिला ते पूजाच वाटायचं. नंतर मलाही वाटायला लागलं.

एका सकाळी सहज निघालं, "जगून राहिलो." आणि मी ठेका थांबवला. बाहेरचे लोक म्हणतील, मी जगत आहे. आमचं तसं नाही. आम्ही जगलो पण म्हणतो आणि राहिलो पण म्हणतो, एका दमात. लहानपणापासून हे शब्द तोंडात होते, पण व्यासपीठावर गेलो की मी ते चपलेसारखे खाली काढून ठेवायचो. माझ्या सगळ्या प्रेरणेत जे नव्हतं ते या आमच्या बोलीच्या शेपटीत होतं. मी राहिलो होतो. हात गेला, अर्धं तोंड गेलं, पण मी राहिलो होतो. त्या दिवशी मी अंगणात बसून खूप रडलो, आणि दुःखाने नाही.

एक वाक्य मात्र काही केल्या येत नव्हतं. दवाखान्यात जे म्हणायचं राहिलं होतं तेच. 'भे' म्हणायला गेलो की जीभ घसरून 'भिऊ नको'वर जायची, आणि मग कविता. मॅडमना सांगायचं तर नेमकं तेच वाक्य सांगता येत नव्हतं. मला ते शकुनला सांगायचं होतं. तिने विचारलं होतं, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं होतं.

इस्त्री

उन्हाळा लागला तेव्हा भैयालाल आला. शाळेने माझा सत्कार ठरवला होता. "बस वही वाली सुना देना," तो म्हणाला. "भिऊ नको रे. माइक मैं पकड़ता हूँ." शाळेतली पोरं ती कविता पाठ करून बसली होती. मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच माहीत नव्हतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी शकुन खाटेवर चादर टाकून माझा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. मी बाजूला खुर्चीवर बसलो होतो. ती आपल्याच नादात बोलत होती.

"तुमाले सांगू का," ती म्हणाली. "दवाखान्यात त्या दिवशी तुमी म्हणाले ना, भिऊ नको. तेच मी धरून ठेवलं. कितीक खेपा मनात आलं, आता नाई होत माह्यानं. मंग म्हणायची, ज्याचं अंग गेलं तो मले धीर देऊन राहिला, मी कायले रडू? नाई तर मी कवाचीच बसली असती."

गप्प बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. तिने ज्यावर पाय रोवला होता ते मी कशाला काढून घेऊ? पण संध्याकाळी सगळ्या गावासमोर मी पुन्हा तेच म्हणणार, आणि ती पुन्हा पदराने डोळे पुसणार, आणि मग आम्ही दोघं उरलेलं आयुष्य त्या एका चुकीच्या उत्तरावर काढणार. मला ते नको होतं. एका तरी माणसाला खरं माहीत असायला हवं होतं, आणि ते माणूस हेच.

मी मांडीवर ठेका धरला. अंगणातल्या सरावासारखी सुरुवात केली. "बसून राहिलो."

"हो, बसा," ती म्हणाली.

"ऐकून राहिलो." ठेका. "मी..." ठेका. जीभ भिऊकडे घसरायला लागली. मी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. "मी भे... भेऊन राहिलो."

शकुनने मान वर केली. "कायले? सत्काराचं भेव वाटून राहिलं का?"

मी मान हलवली. "दवा... खान्यात," मी म्हणालो. "भेऊन राहिलो."

"तवा?" ती म्हणाली. "मी पुसलं होतं तवा?"

"हो."

"आनि आता?"

"आता... बी."

ती खाटेच्या काठावर बसली. मला वाटलं, संपलं, आपण हिचा आधार काढून घेतला. मी तोंड उघडलं, काहीतरी बरं बोलावं म्हणून, आणि घाबरून पुन्हा मिटलं, कारण निघाली असती तर कविताच निघाली असती.

"बरं झालं बाई सांगितलं," शकुन म्हणाली. "मले वाटून राहिलं होतं, या घरात मी एकलीच भेऊन राहिली."

तिने माझा उजवा हात, तो न कळणारा, आपल्या मांडीवर घेतला आणि मोकळी रडली. आजारपण सुरू झाल्यापासून ती अशी रडलीच नव्हती, आता समजलं की तिला जागाच नव्हती. मी डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटत होतो. दोघांनाही भेव वाटत होतं आणि दोघांनाही बरं वाटत होतं. मग मला वास आला.

"शर्ट जरून राहिला," मी म्हणालो.

ठेका नाही, चाल नाही, काही नाही. जळण्याला आमच्याकडे जरणं म्हणतात. कार्डावरचा तो भात मला कधी जमला नव्हता.

शकुन ताडकन उठली, इस्त्री उचलली, आणि तशीच इस्त्री हातात धरून माझ्याकडे वळली. "काय म्हणाले?"

"शर्ट," मी म्हणालो, "जरून राहिला."

खिशाच्या खाली इस्त्रीचा तपकिरी डाग पडला होता, चांगला तळहाताएवढा. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघून पोट दुखेस्तोवर हसलो.

सत्काराला मी तोच शर्ट घालून गेलो. शकुनने दुसरा काढून दिला होता, पण मला तोच हवा होता. शाल पांघरली तेव्हा डाग झाकला गेला, म्हणून मी शाल काढून मांडीवर घेतली. भैयालालने माझ्या तोंडापुढे माइक धरला. समोर पोरांच्या रांगा होत्या आणि मागे बायकांमध्ये शकुन. पोरांनी आपणहूनच सुरुवात केली, भिऊ नको रे. मी हात वर केला. पोरं थांबली.

मी शर्टावर, त्या डागावरच, डाव्या हाताने ठेका धरला. "भेऊन राहिलो," मी म्हणालो. "चालून राहिलो."

लोक पुढच्या कडव्याची वाट बघत होते. पुढचं कडवं नव्हतं, म्हणून मी खाली बसलो.